निरुपयोगी सत्याचे मोल

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न मानवजातीइतकाच जुना आहे आणि मुळात तो वाईटही नाही. नांगर, विहीर, औषध, पूल या साऱ्या गोष्टी याच प्रश्नाच्या पोटी जन्माला आल्या. कोरडवाहू शेतीवर आणि रोजंदारीवर संसार चालविणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांना तर हा प्रश्न विचारल्यावाचून एक हंगामही पार करता येत नाही. परंतु हाच जेव्हा एकमेव प्रश्न होऊन बसतो, ज्ञानाला, कलेला, मैत्रीला आणि अखेरीस माणसालाही जेव्हा आपण हेच एक माप लावू लागतो, तेव्हा आपल्या हातून काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण मुद्दामच असे निवडले आहे की, ज्याचा व्यवहारात उपयोग शोधू गेल्यास हाती काहीच लागू नये. ते उदाहरण म्हणजे एक संख्या: १७६६३१९०४९. अक्षरी वाचावयाची झाल्यास, एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

इतके रुपये कोणाच्या खात्यावर असते, तर गावभर चर्चा झाली असती. ही संख्या मात्र कोणाच्या पैशांची, मतांची वा एकरांची मोजदाद नाही. मग तिचे महत्त्व कशात आहे? ते समजून घेण्यासाठी शाळेत शिकलेले वर्ग आणि गुणाकार एवढे गणित पुरेसे आहे. प्रश्न असा आहे: एखादी पूर्ण संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्या वर्गाला ६१ ने गुणावे आणि येणाऱ्या गुणाकारात १ मिळवावा. जे उत्तर येईल, तेही कोणत्या तरी पूर्ण संख्येचा वर्ग असले पाहिजे. शून्य सोडून अशी सर्वांत लहान संख्या कोणती?

प्रश्न साधा दिसतो. ६१ च्या जागी ६० घेतले, तर उत्तर हातासरशी मिळते. ४ चा वर्ग १६. १६ गुणिले ६० म्हणजे ९६०. त्यात १ मिळविला की ९६१, आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. ६२ घेतले, तरी फारसे श्रम नाहीत. ८ चा वर्ग ६४. ६४ गुणिले ६२ म्हणजे ३९६८. त्यात १ मिळविला की ३९६९, आणि हा ६३ चा वर्ग. दोन्ही शेजारी असे मनमोकळे. मधला ६१ मात्र कमालीचा अबोल. त्याच्या बाबतीत पहिले उत्तर येते ते थेट २२६१५३९८० या संख्येपाशी. तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविला, की आपली १७६६३१९०४९ ही संख्या तिच्या वर्गाच्या रूपाने समोर उभी राहते. याहून लहान उत्तर नाही. एक, दोन, तीन असे क्रमाने तपासत जाणारा एखादा शिष्य ११५० साली कामाला बसला असता आणि रात्रंदिवस न थांबता मिनिटाला एक संख्या तपासत राहिला असता, तर हे उत्तर त्याला १५८० च्या सुमारास सापडले असते.

११५० हे साल येथे सहज आलेले नाही. त्या वर्षी भास्कराचार्यांनी आपला 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पूर्ण केला. १११४ मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाचे वय तेव्हा ३६ वर्षांचे होते. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. आणि चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात त्यांच्या कुळाची माहिती असून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. या भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या भागात नेमका ६१ चाच प्रश्न घातला आहे आणि त्याचे उत्तरही दिले आहे. ते त्यांनी एक एक संख्या तपासून काढले नाही. 'चक्रवाल' नावाची रीत त्यांनी वापरली. तिच्यात एकच क्रिया चाकासारखी फिरवून उत्तराच्या जवळ जवळ जात राहावयाचे असते. ८ चा वर्ग ६४, तो ६१ हून ३ ने अधिक, येथून प्रारंभ. थोड्याच फेरीत ते ३९ आणि ५ या जोडीपाशी येतात. ३९ चा वर्ग १५२१, तर ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५; फरक अवघा ४ चा. अशा दोन जवळपासच्या जोड्या एकत्र करून तिसरी जोडी कशी साधावी, याचा नियम ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्येच सांगून ठेवला होता. चक्रवालाची रीतही भास्कराचार्यांपूर्वी जयदेव नावाच्या गणितज्ञाला अवगत होती. या सर्वांच्या खांद्यांवर उभे राहून भास्कराचार्य त्या दहा अंकी संख्येपर्यंत पोहोचले. हाती संगणक नव्हता; धुळीची पाटी आणि बोट एवढीच सामग्री होती.

पुढे पाच शतके लोटली. १६५७ मध्ये फ्रान्समधील पिएर द फर्मा या न्यायाधीशाने, जो आपल्या फावल्या वेळात गणित करीत असे, याच प्रकारचे प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवले; आणि आश्चर्य असे की, त्यात ६१ चा प्रश्नही होता. इंग्लंडमधील विल्यम ब्राउंकर यांनी त्यावर रीत शोधून काढली. फर्मा वा ब्राउंकर यांना भास्कराचार्यांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. 'बीजगणिता'चे कोलब्रुक यांनी मूळ संस्कृतावरून केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, ते १८१७ मध्ये. देश निराळा, भाषा निराळी, धर्म निराळा, रीतीची मांडणी निराळी; पण उत्तर तेच. एका अंकाचाही फरक नाही.

येथे क्षणभर थांबून विचार करावा, अशी सुज्ञ वाचकांना विनंती आहे. दोन कवींनी पाचशे वर्षांच्या अंतराने एकच कविता लिहिली, असे कधी घडत नाही. दोन गायकांनी एकमेकांना न ऐकता एकच चाल बांधली, असेही घडत नाही. कारण कविता आणि चाल यांना त्यांचा कर्ता असतो; त्या रचल्या जातात. १७६६३१९०४९ च्या बाबतीत मात्र दोन अनोळखी माणसे एकाच उंबरठ्यावर येऊन पोहोचली. याचा अर्थ असा की, ते घर तेथे आधीपासूनच होते. भास्कराचार्यांनी ते बांधले नाही. त्यांनी वाट शोधली. आपल्याकडे 'हा शोध आमच्या पूर्वजांनी आधी लावला' असा अभिमान वेळोवेळी व्यक्त होतो. पूर्वजांच्या परिश्रमांबद्दल तो असेल, तर योग्यच आहे. परंतु या संख्येच्या सातबाऱ्यावर भारताचे नाव चढत नाही आणि युरोपचेही चढत नाही. बहुमताने ठराव करून तिच्यातील शेवटचा ९ बदलून ८ करता येत नाही. कोणताही राजा, कोणतेही सरकार आणि कोणताही धर्मगुरू येथे हुकूम देऊ शकत नाही. जो येतो, त्याला नम्र व्हावे लागते.

ही नम्रता ख्रिस्तसभेच्या विचारवंतांना अपरिचित नव्हती. संत ऑगस्टिन यांनी ६ या संख्येवर केलेले चिंतन प्रसिद्ध आहे. ६ ला निःशेष भागणाऱ्या, तिच्याहून लहान अशा संख्या तीन: १, २ आणि ३, आणि त्यांची बेरीज पुन्हा ६. अशा संख्येला प्राचीन ग्रीकांनी परिपूर्ण म्हटले. तिच्यानंतरची परिपूर्ण संख्या २८ आहे. परमेश्वराने सृष्टी सहा दिवसांत निर्माण केली, म्हणून ६ ही संख्या परिपूर्ण ठरली, असे कोणी भाविकपणे म्हणेल. संत ऑगस्टिन नेमके उलटे म्हणतात: ६ परिपूर्ण होती, म्हणून तो दिवसक्रम निवडला गेला, आणि सृष्टी नसती, तरीही ६ परिपूर्णच राहिली असती. एका धर्मपंडिताने सृष्टीच्याही आधीचे असे काही एका संख्येच्या ठायी पाहावे, ही लहान गोष्ट नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर सत्य कोणाच्याही मुखातून आले, तरी त्याचा उगम पवित्र आत्माच होय, असे प्रतिपादन केले. त्या न्यायाने शैव, वैष्णव, नास्तिक वा ख्रिस्ती अशा कोणाही गणितज्ञाने गाठलेले सत्य आपल्याला परके मानता येत नाही.

परंतु येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो आणि तो एका थोर गणितज्ञाचाच आहे. श्रीनिवास रामानुजन यांना जगापुढे आणणारे केंब्रिजचे प्राध्यापक जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये गणितज्ञाच्या जीवनाविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी काही संख्यांच्या गमतींचा उल्लेख करून त्या बाजूला सारल्या आहेत. त्यांतील एक संख्या आपल्या परिचयाची आहे: १५३. तिच्या अंकांचे घन करावेत, १, १२५ आणि २७. त्यांची बेरीज पुन्हा १५३. हार्डी यांच्या मते अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतील, पण खऱ्या गणितज्ञाला आवडावे असे त्यांत काही नाही. कारण त्या आपल्या दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून आहेत आणि त्यांतून पुढे कोठे वाट जात नाही. म्हणजे व्यवहाराच्या माणसाने 'उपयोग काय?' म्हणून जे दार लावून घेतले, तेच दार येथे विद्वानाने दुसऱ्या बाजूने लावून घेतले.

या बंद दारापुढे आयुष्यभर आनंदाने बसून राहिलेला एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळाली येथे शाळेत शिक्षकाची नोकरी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील पद नाही. अनेक व्यावसायिक गणितज्ञ त्यांच्या कामाला क्षुल्लक मानत. तरी त्यांनी संख्यांचा सहवास सोडला नाही. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हणजे आनंद देणारी असे सुरेख नाव दिले. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावर ज्या प्रकारच्या संख्या त्यांना सुचल्या, त्यांना त्या स्थानकाचे 'डेम्लो' हे नाव त्यांनी बहाल केले. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. नऊ पायऱ्या चढून आठ पायऱ्या उतरणारी ही सतरा अंकी संख्या त्यांतलीच एक.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा आहे. तो त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठीतून लहान वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. अधिकात अधिक सात वेळा वजाबाकी केली, की ६१७४ येतेच. आणि एकदा ती आली, की ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४, अशी ती जागची हलत नाही. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेऊन पाहू. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका विज्ञान मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर झाले. १९८६ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या नावाची 'कापरेकर संख्या' आणि 'कापरेकर स्थिरांक' ही पदे आज गणिताच्या ग्रंथांत रूढ झाली आहेत.

हार्डी यांच्या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. ६१ चे उत्तर कोणत्याही लिपीत आणि कोणत्याही गणनपद्धतीत तेच राहील. ६१७४ चे कौतुक मात्र आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे आणि दहाच्या पटीत आपण मोजतो, ते हाताला दहा बोटे आहेत म्हणून. परंतु म्हणून ते खोटे वा मनगढंत ठरते काय? घराला खिडकी कोणत्या भिंतीत ठेवावी, हे आपण ठरवितो. पण एकदा ठेवल्यावर तिच्यातून ऊन किती वाजता आत यावे, हे आपण ठरवीत नाही. दशमान पद्धती ही आपण ठेवलेली खिडकी. ६१७४ हे तिच्यातून आलेले ऊन. कापरेकरांनी ते ऊन पाहिले आणि ते पाहण्यासाठी कोणाची अनुमती मागितली नाही. आणि १५३ बाबत म्हणाल, तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभूच्या शब्दावरून टाकलेल्या जाळ्यात सापडलेल्या मोठ्या माशांची संख्या हीच आहे. १ पासून १७ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज १५३ होते, हे संत ऑगस्टिन यांनी हेरले होते आणि १७ मध्ये त्यांनी दहा आज्ञा व पवित्र आत्म्याची सात दाने पाहिली होती. शिवाय १, ५ व ३ यांची बेरीज ९, आणि १५३ ला ९ ने भागले की १७. म्हणजे कापरेकरांच्या भाषेत ती हर्षद संख्याही आहे. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. संख्येत अर्थ वाचणे वेगळे आणि तिच्यावर अर्थ लादणे वेगळे. आपली १७६६३१९०४९ हर्षद नाही. तिच्या अंकांची बेरीज ४६ ही सम, आणि ती स्वतः विषम. भाग जाणारच नाही. आपल्याला कितीही आवडली, म्हणून तिला नसलेला गुण चिकटविता येत नाही. शुभ आकडा, अशुभ आकडा, नशिबाचा आकडा हे सारे संख्येशी खोटे बोलणे आहे. १३ ने कोणाचे कधी वाईट केले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निरुपयोगी सत्याची बाजू मांडणारे पुष्कळदा एक सोपा युक्तिवाद करतात. ते म्हणतात, आज निरुपयोगी वाटते, ते उद्या उपयोगी पडेल. याला पुरावाही भक्कम आहे. हार्डी यांना आपला संख्याशास्त्राचा अभ्यास व्यवहारात निरुपयोगी असल्याचे समाधान वाटे. त्याच संख्याशास्त्राच्या आधारे १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी गुप्त संदेशांची एक पद्धती शोधली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधून काढणे अतिशय कठीण, या एका गोष्टीवर तिची सुरक्षितता उभी आहे. बँकांचे आणि संगणकांचे व्यवहार सुरक्षित ठेवण्याच्या कामी ही पद्धती आली. फर्मा यांनी १६४० मध्ये एका पत्रात लिहिलेला नियम तिच्या मुळाशी आहे. म्हणून ज्ञानाची उपेक्षा करू नका, असे हे लोक सांगतात.

हा युक्तिवाद खरा आहे, पण अपुरा आहे. किंबहुना तो स्वीकारला, तर आपण हरलोच. कारण त्यात मोल अखेर उपयोगाचेच ठरते. केवळ मुदत वाढवून मागितली जाते. चारशे वर्षे वाट पाहूनही ज्या सत्याचा उपयोग निघाला नाही, त्याचे काय? १७६६३१९०४९ चे काय? माझे नम्र प्रतिपादन असे आहे की, या संख्येचे सत्य उपयोगाच्या अलीकडचे आहे. ते आहे, म्हणून आदरास पात्र आहे. आणि त्याच्यापुढे स्वतःला विसरून काही काळ थांबण्याची जी शक्ती मनुष्याला लाभली आहे, ती त्याच्यातील ईश्वरी प्रतिमेचीच एक खूण आहे. प्राण्याला भूक कळते आणि भय कळते. ६१ च्या मौनाचे आश्चर्य मात्र मनुष्यालाच वाटते.

हा विषय केवळ गणिताच्या अभ्यासकांपुरता राहिला असता, तर या पानांवर त्याला स्थान नव्हते. पण आम्ही ज्या भागात राहतो, तेथे तो घराघरांतला विषय आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला आहे. लातूरप्रमाणेच नांदेडही आता शिकवणी वर्गांचे केंद्र आहे. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव येथून आणि त्याही पलीकडून मुले येतात, खोल्या भाड्याने घेऊन राहतात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करतात. या परिश्रमांनी शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले डॉक्टर व अभियंते झाली, हे श्रेय कोणीही नाकारू नये. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनीही पोटाला चिमटा घेऊन मुलांना येथे ठेवले आहे. परंतु या धावपळीत मुलांच्या ओठी एक प्रश्न बसतो: 'हे परीक्षेला आहे का?' नसेल, तर पान उलटले जाते. त्या उलटलेल्या पानावर कदाचित चक्रवाल असतो, कदाचित ६१७४ असतो. कुतूहल एकदा असे उपाशी ठेवले, की पुढे ते जेवायला मागत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. मराठीत संख्या आणि आकडा असे दोन शब्द आहेत. संख्या स्वतःपुरती असते. आकडा कशाला तरी लावलेला असतो. पगाराचा आकडा, मतांचा आकडा, मटक्याचा आकडा, आणि तसाच गुणांचा आकडा. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत ७२० पैकी किती, या एका आकड्यावर मुलाची घरातील आणि नात्यागोत्यातील किंमत ठरू लागते. 'उपयोग काय?' हा प्रश्न आधी पाठ्यपुस्तकातील पानाला विचारला गेला, मग मुलाला विचारला गेला, आणि काही वर्षांनी तोच प्रश्न अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना, बुद्धीने मंद असलेल्या भावंडाला, काम न होणाऱ्या आजीला विचारला जातो. उघड नव्हे, पण वागण्यातून. ज्या मनाला उपयोगापलीकडचे काही पाहण्याची सवयच राहिली नाही, ते मन माणसातही दुसरे काय पाहणार?

येथे संख्याच आपल्याला एक मोलाचा धडा देते. ६१ कोठेही लिहा, ती ६१ च. नांदेडची ६१ आणि रोमची ६१ यांत काडीचाही फरक नाही. एकीच्या जागी दुसरी ठेवली, तर कोणाचे काही बिघडत नाही. संख्यांच्या या निर्विकार समानतेवरच सारे गणित उभे आहे. आणि नेमक्या याच कारणासाठी संख्या माणसाच्या जागी उभी राहू शकत नाही. ६१० गुण मिळविणाऱ्या दोन मुली एकसारख्या नसतात. एकीच्या जागी दुसरी घरी पाठविली, तर आई ओळखते. गुणांचा आकडा हे एका लहान प्रश्नाचे खरे उत्तर आहे: त्या दिवशी, त्या तीन तासांत, त्या प्रश्नांपैकी किती सुटले? त्याला मोठ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे करणे, हा त्या मुलीवर अन्याय आहेच. पण नसलेला गुण चिकटविल्यामुळे तो संख्येवरही अन्याय आहे.

मग मोजूच नये काय? तसेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्या दिवसांत मोजणे हीच सेवा होती. किती जखमी, किती निराधार, किती तंबू, किती घरे, हे मोजल्यावाचून मदत पोहोचली नसती. पण मृतांचा आकडा लिहून झाल्यावरही गावात कोणाचे कोण गेले, हे गावालाच ठाऊक होते. वजाबाकीला नाव नसते.

हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात प्रभू येशूने हेच सांगितले आहे, असे मला वाटते. शंभरातून एक हरवले, नव्याण्णव उरली, असे आपण वाचून जातो. पण त्या मेंढपाळाने संध्याकाळी मेंढरे मोजली होती, याकडे आपले लक्ष जात नाही. त्याने मोजली नसती, तर हरवल्याचे त्याला कळलेही नसते. मोजणी येथे प्रेमाची दासी आहे. मात्र ती त्याला एवढेच सांगू शकली की, एक कमी आहे. कोणते मेंढरू हरवले, तरी शंभरातून एक वजा केल्यास उत्तर नव्याण्णवच येते. कोणते हरवले, हे त्याला चेहऱ्यावरून आणि आवाजावरून ओळखावे लागले. आणि मग तो निघाला. त्या एका मेंढराचा उपयोग नव्याण्णवांच्या उपयोगापेक्षा अधिक होता, असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही.

निकालांचे दिवस दर वर्षी येतात. या वर्षी ते येतील, तेव्हा पालकांनी मुलाला किती गुण मिळाले हे अवश्य विचारावे. तो प्रश्न टाळणे म्हणजे ढोंग होईल. पण त्याच संध्याकाळी, निकाल कसाही लागलेला असो, एक कोरा कागद घेऊन त्याच्याशेजारी बसावे. त्याला आवडेल ती चार अंकी संख्या लिहू द्यावी आणि दोघांनी मिळून वजाबाक्या कराव्यात. पहिल्या आलेल्या मुलाने लिहिलेली संख्या आणि अनुत्तीर्ण झालेल्या मुलाने लिहिलेली संख्या, दोन्ही सात पायऱ्यांच्या आत ६१७४ ला पोहोचतील. याचा उपयोग काय, असे मुलाने विचारलेच, तर उत्तर देण्याची घाई करू नये. त्याला आणखी एक संख्या लिहू द्यावी.